विमानतळ कोणासाठी? आंबीच्या गुलाबाचा सवाल

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याजवळ इंद्रायणीच्या काठी आंबी नावाचे गाव आहे. हे नाव घेतले की पुष्कळांना लोणावळ्यापलीकडची अॅम्बी व्हॅली आठवते. तेथे बंगले आहेत आणि धनिकांची छोटी विमाने उतरावीत म्हणून खासगी धावपट्टीही आहे. आमचा विषय ते ठिकाण नव्हे. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले आंबी आणि आसपासच्या गावांतील गुलाबाची पॉलिहाऊसे हा आमचा विषय आहे. येथे धावपट्टी नाही, पण येथला माल दरवर्षी विमानाने परदेशी जातो. जेथे धावपट्टी आहे तेथे माल नाही आणि जेथे माल आहे तेथे धावपट्टी नाही, असा हा प्रकार आहे.

या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध जवळचा आहे. फुलांच्या व फळांच्या व्यापारात आपले बागवान बांधव पिढ्यानपिढ्या आहेत. पॉलिहाऊसचे लोखंडी सांगाडे जोडणारे वेल्डर, खोकी पुरवणारे, टेम्पो चालवणारे, गाडीतील थंड यंत्रणा दुरुस्त करणारे मिस्त्री यांतही आपली माणसे आहेत. फूल वेळेवर विमानात चढले नाही तर तोटा एकट्या बागाईतदाराचा होत नाही. ही सारी साखळी त्यात बुडते.

फुलाचा प्रवास कसा होतो ते आधी पाहू. व्हॅलेंटाईन डे १४ फेब्रुवारीला असतो. त्यासाठी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तोडणी जोरात चालते. कळी उमलण्याआधी फूल तोडायचे, लगेच पाण्यात व थंड खोलीत ठेवायचे, दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करायची, गड्ड्या बांधून खोक्यांत भरायच्या. यापुढे फुलाला दोन ते चार अंश तापमान लागते. रीफर गाडी द्रुतगती मार्गाने घाट उतरून मुंबईच्या विमानतळावर जाते. तेथे रोपसंगरोध खात्याचा दाखला, सीमाशुल्काची तपासणी, सुरक्षेची क्ष-किरण तपासणी, आणि मग विमान. या साखळीत एक जरी कडी चार तास उन्हात राहिली तर परदेशी पोचलेले फूल मान टाकते, आणि मान टाकलेल्या फुलाचे पैसे कोणी देत नाही.

आता कोणी म्हणेल की पुण्याचा लोहगाव विमानतळ मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, मग मुंबई कशाला? याचे उत्तर समजून घेतले पाहिजे. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. त्याची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची असून ती हवाई दलाच्या ताब्यात आहे. युरोपला थेट जाणारी मोठी विमाने तेथून नियमित उडत नाहीत. आणि हे ध्यानात ठेवावे की बराचसा हवाई माल स्वतंत्र मालवाहू विमानाने जात नाही, तो प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. म्हणजे प्रवाशांचे वेळापत्रक हेच गुलाबाचे वेळापत्रक. मार्च २०२० मध्ये प्रवासी विमाने थांबली तेव्हा ही पोटातील जागाच नाहीशी झाली. नियमित आंतरराष्ट्रीय सेवा २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मधल्या काळात मालाच्या भाड्याने किती उसळी घेतली हे निर्यातदार विसरलेले नाहीत. लोहगावची धावपट्टीही दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद होती. या घटनांतून एक धडा मिळतो. एकाच विमानतळावर सर्वांनी विसंबणे धोक्याचे आहे.

इमारत झाली, पुढे काय?

आपल्याकडे विमानतळाचा विकास म्हणजे नवी इमारत असे समीकरण झाले आहे. १० मार्च २०२४ रोजी पुणे व कोल्हापूर येथील नव्या टर्मिनलचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. पुण्याच्या इमारतीतून प्रत्यक्ष वाहतूक सुरू व्हायला १४ जुलै उजाडला. चार महिने इमारत उभी होती आणि प्रवासी जुन्याच इमारतीत रांगा लावत होते. फीत कापणे सोपे असते. सुरक्षा कर्मचारी, कस्टम अधिकारी आणि यंत्रसामग्री वेळेवर आणणे कठीण असते.

कोकणातील चिपीचा दाखला याहून बोलका आहे. सिंधुदुर्गचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटाने सुरू झाला. उडान योजनेत विमान कंपनीला तीन वर्षे तूट भरून देण्याची सोय असते. ती मुदत सरताच २०२४ मध्ये मुंबईची सेवा बंद पडली. सरकारी मदतीच्या तीन वर्षांत स्थानिक व्यापाराने मालाची कायम सवय लावली असती, विमानाच्या पोटात रोज मासळी, आंबा, काजू काही ना काही गेले असते, तर विमान थांबवताना कंपनीने दोनदा विचार केला असता, असे आमचे मत आहे. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद येथील विमानतळ २००९ मध्ये दीर्घ भाडेपट्ट्याने एका खासगी उद्योगसमूहाकडे दिले गेले. तेथील व्यापाऱ्यांना त्याचा काय लाभ झाला, हे त्यांनीच सांगावे.

याउलट नाशिकच्या ओझरकडे पाहा. तो विमानतळ लढाऊ विमाने बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा. पण तेथे मालाची सोय उभी राहिली आणि ओझरहून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या. खाटीक व पशुव्यापारी बांधवांसाठी ही मोठी गोष्ट होती. हाच प्रयोग नागपुरात जून २०१८ मध्ये व्हायचा होता, तो विरोधामुळे ऐनवेळी थांबला. दोन्ही ठिकाणी धावपट्टी होती. नुसती धावपट्टी पुरत नाही. खाती, व्यापारी आणि समाज यांचा मेळ आधी बसवावा लागतो.

स्पर्धा नको, वाटणी हवी

आमचे म्हणणे असे की महाराष्ट्रातील विमानतळांनी एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी कामाची वाटणी करावी. आज प्रत्येक जिल्ह्याला सर्व काही आपल्याच गावात हवे आहे. त्यातून कोणाचेच धड होत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन माल हाताळण्याची क्षमता तेथे सांगितली आहे. आंबीच्या टेम्पोने घाट उतरला की पनवेल आलेच, मुंबईची कोंडी चुकते. तेव्हा लांब पल्ल्याचा गुलाब नवी मुंबईकडे, आखाती देशांचा व देशांतर्गत शहरांचा माल लोहगावकडे, जनावरे ओझरकडे आणि मिरज-सांगली-कोल्हापूरचा नाजूक माल कोल्हापूरमार्गे, अशी व्यवस्था ठरवून करता येईल.

मिरजेचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. तेथील सतारी व तानपुरे बनवणारी घराणी बहुतांशी मुस्लिम कारागिरांची आहेत. २०२४ मध्ये त्यांच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याचे हे वाद्य म्हणजे काचेचे भांडेच. लाकडी पेटीला प्रक्रिया करून शिक्का घ्यावा लागतो, माप मोठे असते, हाताळणी चुकली की महिन्यांची मेहनत जाते. गुलाबाला थंडावा हवा, सतारीला सांभाळून उचलणारा हात हवा. दोघांचीही मागणी एकाच कार्यालयात जायची आहे. पण आजवर बागवान वेगळा गेला, सतारमेकर वेगळा गेला, आणि दोघेही रिकाम्या हाताने परतले.

परदेशांत काय झाले

हॉलंडमधील आल्समीरच्या फूल उत्पादकांनी १९११ च्या सुमारास दलालांच्या जाचाला कंटाळून स्वतःचा लिलाव सुरू केला. आज शिपोल विमानतळाजवळच्या त्या बाजाराची मालकी उत्पादकांच्याच सहकारी संस्थेकडे आहे. केनियातील गुलाब युरोपात आपल्या गुलाबाला मागे टाकतो. हवामान हे त्याचे कारण आहेच. त्याच्या जोडीला नैरोबीच्या विमानतळावरील फुलांच्या मालाची खास व्यवस्था आणि संघटित उत्पादकही आहेत. सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. साखरेत आणि दुधात तो चालतो, मग हवाई मालात का चालू नये?

मागण्या कोणत्या व कोठे कराव्यात

मागण्यांची यादी लांबलचक नसावी. आमच्या मते पुढील पाच बाबी अग्रक्रमाने घेतल्या पाहिजेत.

१) विमानतळाच्या आवारात शीतकक्ष, आणि गाडीतून उतरल्यापासून विमानात चढेपर्यंत माल उन्हात न राहण्याची हमी.

२) निर्यातीच्या हंगामात रोपसंगरोध व सीमाशुल्क कार्यालय रात्रीही आणि सुट्टीच्या दिवशीही चालू असावे. फुलाला रविवार नसतो.

३) पाच-दहा खोकी पाठवणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा माल एकत्र करून पाठवण्याची सोय, ठरलेल्या व जाहीर दराने.

४) निर्यातीच्या हवाई भाड्यावरील कराचा प्रश्न. ३० सप्टेंबर २०२२ ला सवलत संपली आणि १८ टक्के जीएसटी लागू झाला. परतावा मिळतो असे सांगतात, पण तोवर लहान माणसाचे भांडवल अडकून पडते.

५) धावपट्टीची दुरुस्ती वा वेळापत्रकातील मोठे बदल हंगामाच्या काळात नकोत, आणि करायचेच तर व्यापाऱ्यांना पुरेशी आगाऊ सूचना हवी.

या मागण्या करायच्या जागा ठरलेल्या आहेत. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. सीमाशुल्क आयुक्तालयात व्यापार सुलभीकरणाच्या बैठका होतात. पुण्यात १९३४ साली स्थापन झालेले मराठा चेंबर विमानतळाचा प्रश्न मांडत आले आहे. या बैठकांत मोठ्या कारखान्यांची माणसे टाय लावून बसतात आणि आपले म्हणणे कागदावर आणतात. आपला माणूस तेथे नसतो. विमानतळाचा विषय निघाला की आपल्या सभांतून हजच्या विमानाची मागणी होते. ती रास्तच आहे. पण मालाची मागणी कोणी करत नाही.

तेव्हा पहिले पाऊल आपण टाकले पाहिजे. प्रत्येक निर्यातेच्छू कारागिराने आयात-निर्यात क्रमांक काढून घ्यावा, तो घरबसल्या मिळतो. थोडा माल असेल त्याने टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्राची माहिती घ्यावी. तळेगावला कृषी पणन मंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे आपली मुले पाठवावीत. आणि बागवान, टेम्पोवाले, खोकीवाले, कारागीर यांनी जातवार संस्था न काढता एकच मंडळ काढावे. त्यात मावळातील मराठा शेतकरी असावा, तळेगावचा दुकानदार असावा, कारण गुलाब तोडणारा एक आणि वाहणारा दुसरा असला तरी नुकसान एकच आहे. मंडळाने पहिल्या हंगामात एकच काम करावे. कोणत्या दिवशी किती माल, कोठे, किती तास अडला याची वही ठेवावी. अधिकाऱ्यापुढे शंभर तक्रारींपेक्षा अशी एक वही जास्त बोलते.

शेवटी एक इशारा. पुण्याचा नवा विमानतळ आधी खेड-चाकणला व्हायचा होता, २०१६ मध्ये तो पुरंदरला जाहीर झाला. तेथील सात गावांच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी झगडा मांडला आहे. आपल्या सोयीसाठी त्यांच्या अंजिराच्या बागांवर अन्याय व्हावा असे आपण कदापि म्हणू नये. नवी मुंबईसाठी जमिनी गमावलेल्यांना १९८४ च्या आंदोलनात रक्त सांडल्यावरच साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला, हा इतिहास आहे. नवी धावपट्टी होईल तेव्हा होवो, आणि ती जमीनधारकाला योग्य मोबदला देऊनच होवो. आज आहेत त्या धावपट्ट्यांवर एक थंड खोली आणि रात्रीचा एक अधिकारी मिळवायला कोणाची एक गुंठाही जमीन लागत नाही. लागते ती एकी, आणि ती आपल्या हातात आहे.