भिंतीला कान

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहितो. परंतु दिवाळीच्या अंकात एक तरी भुताची गोष्ट हवी, असा वाचकांचा जुना हट्ट आहे, आणि यंदा तशी एक गोष्ट माझ्या घरातच घडली. तेव्हा शब्दांना सुट्टी.

भिंतीला कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते कान बसवितात कसे, हे मात्र मी यंदाच्या पावसाळ्यात पाहिले. कल्याणला पारनाक्याजवळ माझ्या मावशीचे जुने घर आहे. तिच्या नातवाने एक पितळी चकती, दोन हात तार आणि चिकटपट्टी एवढ्या सामानात त्या घराच्या भिंतीला कान बसविला. हा नातू डोंबिवलीस आईवडिलांपाशी राहतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे नाव छापलेले त्याला आवडणार नाही, म्हणून मी त्याला 'संशोधक' म्हणतो.

मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, गेल्या माघात गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले, घर रिकामे झाले, आणि मग मावशीला रात्री आवाज येऊ लागला. टक्. जरा थांबून टक्, टक्. वेळ तीन-सव्वातीनची. अण्णा शेवटची काही वर्षे काठी घेऊन चालत असत. मावशी न घाबरता, न रडता, आमटीला फोडणी देता देता सांगे, "हे येतात रे रात्री. काठीचा आवाज ओळखते मी."

आता अशा वाक्याला काय उत्तर द्यावे? तिचा मुलगा एक रात्र मुद्दाम तिथे झोपायला गेला. पण हा गृहस्थ कल्याण ते दादर लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी काढणारा. त्याला काय ऐकू येणार! शेजारच्या एक बाई म्हणाल्या, त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी करून या. सूनबाईंचे मत पडले, डॉक्टरांना दाखवावे. या वयात असे भास सुरू झाले की पुढे आवरत नाही. शेवटी असे ठरू लागले की घराला कुलूप लावून मावशीला डोंबिवलीस आणावे. मावशी काही बोलली नाही. फक्त मला फोन करून एवढेच विचारले, "तुला काय वाटतं, मला वेड लागलंय का रे?"

मी मराठीचा प्राध्यापक. वेड लागणे या वाक्प्रचाराचे चार अर्थ मी सांगू शकतो. पण या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते संशोधकापाशीही नव्हते, परंतु त्याच्यापाशी वही होती. वहीत चार रकाने आखलेले : तारीख, वेळ, आवाज, कारण. त्याचे म्हणणे सरळ होते. आवाज यंत्रात उतरला, तर आजीला भास होत नाहीत. नाही उतरला, तर मग आईबाबा म्हणतात तसे.

"अरे, मग हातातला मोबाइल ठेव की तिथे," मी म्हणालो.

"काका, मोबाइलला माणसाचं बोलणं ऐकायला शिकवलेलं असतं. बाकीचा आवाज तो कचरा समजून दाबून टाकतो. आपल्याला तर कचराच हवाय."

म्हणून मायक्रोफोन घरी करायचा ठरला. ही विद्या वाटते तितकी अवघड नाही. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी लंडनमध्ये दाखवून दिले की, दोन खिळे शेजारी ठेवून त्यांवर तिसरा आडवा टेकवला आणि त्यांतून वीज सोडली, तरी तो मायक्रोफोन होतो. सैल टेकलेल्या जागी आवाजाने कंप होतो, त्याबरोबर वीज कमीजास्त होते, आणि तोच कंप दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. पुढे खिळ्यांऐवजी त्यांनी कोळशाची कांडी वापरली, आणि माशीच्या पावलांचा आवाज ऐकू येतो अशी तिची ख्याती झाली. आमच्या संशोधकाने जुने सेल फोडून त्यांतल्या काळ्या कांड्या काढल्या आणि ह्यूजसाहेबांचा प्रयोग केला. माशी नाही, पण ठाण्याच्या माझ्या बैठकीत त्या यंत्राने अशी खरखर केली की, सौभाग्यवतींनी कुकर बंद केला.

दुसरे यंत्र वाटाण्याएवढ्या एका डबीचे. तिला इलेक्ट्रेट म्हणतात. पातळ पडद्यावर विजेचा भार कायमचा कोंडून ठेवायची ही युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये काढली. आज ती काही रुपयांत मिळते. संशोधकाने ती एका लांब साध्या तारेला जोडली, रात्रभर मावशीच्या खोलीत ठेवली, आणि सकाळी मला फोन केला. आवाज कापत होता. "काका, माणूस बोलतोय!"

मी पहिली लोकल पकडून कल्याण गाठले. आम्ही तिघे ऐकत बसलो. आधी विजेच्या तारांची संथ घूंऽऽ. मग, खरोखर, त्या घुंगाटाच्या पोटातून एक पुरुषी आवाज. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. मावशीने पदर सावरला. आवाज जवळ आला, स्पष्ट झाला, आणि कांद्याचे भाव सांगू लागला.

"हे नव्हेत," मावशी शांतपणे म्हणाली. "यांनी कांद्याचा भाव कधी विचारला नाही."

ती आकाशवाणी होती. लांब उघडी तार म्हणजे एरियल. तिच्या वाटेत कुठे डायोडसारखे काम करणारा जोड आला की झाला रेडिओ! वहीत नोंद पडली. कारण : आकाशवाणी.

हसण्यासारखे आहे, परंतु या हसण्याजोग्या गोष्टीवर जगात मोठाले ग्रंथ उभे राहिले आहेत. स्वीडनमध्ये फ्रीडरिख युर्गेन्सन नावाचे एक चित्रकार होते. १९५९ च्या उन्हाळ्यात ते पक्ष्यांची किलबिल फितीवर घेत होते. परत ऐकताना त्यांना मधेच माणसांचे बोलणे ऐकू आले, आणि पुढे एकदा स्वतःच्या दिवंगत आईची हाक. त्यांचे पुस्तक वाचून कॉन्स्टान्टिन राउदिव्हे हे लाटव्हियन मानसशास्त्रज्ञ याच नादी लागले. त्यांनी असे हजारो आवाज गोळा केले. त्यांची एक पद्धत तर अशी होती की, मायक्रोफोनच्या जागी डायोड जोडायचा. म्हणजे आमच्या संशोधकाने चुकून जे केले, ते या विद्वानांनी मुद्दाम केले! १९७० नंतर केंब्रिजचे डेव्हिड एलिस यांनी या आवाजांचा तपास केला. त्यांना बहुतेक ठिकाणी भटका रेडिओ आणि ऐकणाऱ्याचा कान हेच दिसले.

आपल्याकडे तरी निराळे काय होते? मुंबईत व्ही. डी. ऋषी यांच्यासारखी शिकलीसवरलेली माणसे प्लँचेटवर मृतात्म्यांशी बोलत, आणि मध्यमवर्गीय घरांतून अक्षरांच्या पाटावर बोटे ठेवून मंडळी बसत. खुद्द एडिसननेही १९२० मध्ये, आत्मे असलेच तर त्यांना बोलता यावे असे नाजूक यंत्र करण्याची गोष्ट एका मुलाखतीत केली होती. ते यंत्र काही कोणी पाहिले नाही. मला या माणसांना हसावेसे वाटत नाही. आईची हाक पुन्हा ऐकू यावी असे कोणाला वाटत नाही?

परंतु यंत्रापेक्षा कान फसवा, हे खरे. संशोधकाचा मूळ बेत शनिवारवाड्यावर जाण्याचा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वाड्याचा लाकडी डोलारा १८२८ च्या आगीत जळून गेला, तरी 'काका, मला वाचवा' ही हाक अजून रात्री ऐकू येते, असे सांगतात. मी त्याला म्हटले, "बाबा रे, तिथे काय ऐकू येणार हे सगळ्यांना आधीच पाठ आहे. म्हणून तर ते ऐकू येतं."

त्याने माझीच परीक्षा घेतली. खरखरीचा एक तुकडा लावून म्हणाला, "इथे 'मालती' असं ऐकू येतं, बघा." मी ऐकले, अगदी स्वच्छ 'मालती'! मग तोच तुकडा काही न सांगता सौभाग्यवतींना ऐकविला. त्या दिवाळीच्या फराळात गुंतलेल्या, त्या म्हणाल्या, "चकली." महाविद्यालयातले आमचे शिपाई म्हणाले, "हजेरी." खरखर बिचारी तीच होती. त्या दिवशी संशोधकाने वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला : काय ऐकू येते ते दुसऱ्याला आधी सांगायचे नाही.

तिसरे यंत्र ती पितळी चकती. दारावरच्या घंटीत असते तशी. तिच्यावर भाजलेल्या चिनीमातीसारखा पांढरा थर असतो. तो थर वाकला, दबला की वीज निर्माण होते. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत हा गुण शोधला. ही चकती हवेतला आवाज फारसा ऐकत नाही. ज्याला चिकटवावी त्याच्या अंगातला कंप ऐकते. या खेपेस तार जाळीदार वेष्टणाची घेतली, जुळणी मावशीच्या स्टीलच्या डब्यात बंद केली, आणि चकती खाटेजवळच्या भिंतीला लावली. आकाशवाणी गप्प झाली.

आणि तीन वाजून सतरा मिनिटांनी : टक्. टक्, टक्.

मावशीला वेड लागले नव्हते. संशोधकाने त्याच सकाळी आईला फोन करून हे सांगितले, आणि डॉक्टरांचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. नुसत्या एवढ्यासाठीही मी त्या चकतीला हळदकुंकू वाहिले असते.

आता उरला शेवटचा रकाना. दुसऱ्या रात्री त्याने दोन चकत्या लावल्या, एक खाटेपाशी आणि एक मोरीत. मोरीतला ठोका मोठा आला. तिसऱ्या रात्री तो स्वतः मोरीत, नळाच्या पाइपावर तळहात ठेवून बसला. सव्वातीनला पाइपाने त्याच्या हाताला हिसका दिला.

गोष्ट अशी : त्या भागात रात्री सव्वातीनच्या सुमारास चावीवाला पाणी सोडतो. सोसायटीने खाली टाकी बांधली, पंप बसविला, तेव्हापासून रात्री पाणी भरायची गरज उरली नाही. पण मावशीच्या मोरीत जुन्या थेट लाइनचा एक नळ तसाच राहिला आहे. पाणी नसताना पाइपात हवा भरते. पाणी सुटले की ते हवेला पुढे ढकलते. टोकाचा नळ बंद. हवा कोंडते, दबते, उलट मारा करते. भिंतीतला क्लॅम्प सुटलेला, म्हणून पाइप भिंतीवर आपटतो. टक्.

हे सारे त्याने आजीला पाटीवर चित्र काढून समजावले. मी शेजारी बसलो होतो. मावशीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "नळ उघडा असला तर?"

"तर हवा निघून जाते, आजी. आवाज होतच नाही."

मावशी बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टाकी झाली तरी हे उठायचे रे. रोज तीनला. देवाच्या कळशीला थेट नळाचंच पाणी हवं, हा हट्ट. चाळीस वर्षं मला कधी जाग आली नाही. नळ उघडून बसायचे तिथे." आणि जरा थांबून, "म्हणजे हे गेले, म्हणूनच वाजतं ना ते?"

संशोधकाने माझ्याकडे पाहिले. मी मोरीकडे पाहिले. विज्ञानाच्या दृष्टीने तिचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते.

दहा-वीस रुपयांचा क्लॅम्प बसविला की काम भागेल, असे तो म्हणाला. मावशी म्हणाली, "राहू दे."

कुलपाचा विषय आता निघत नाही. मुलगा शनिवारी मुक्कामाला येतो. गेल्या महिन्यात संशोधकाने चकती काढून आणण्यापूर्वी एक शेवटची रात्र यंत्र चालू ठेवले, आणि मग ठाण्याला येऊन कानांत घालायच्या त्या गोळ्या माझ्या हातात दिल्या. काय ऐकायचे, ते त्याने नियमाप्रमाणे सांगितले नाही.

ठोका नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी फरशीवर पावले. नळाची चावी करकरली. हवेचा फुसकारा, मग कळशीत पडणारी धार, आणि त्या धारेच्या आडून मावशीचा आवाज, अंधुक, पण दोनदा ऐकण्याची गरज पडू नये असा : "झोपा तुम्ही. मी उठलेय."

मी गोळ्या काढून ठेवल्या. त्याने वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. आवाजाच्या रकान्यात लिहिले : आजीचे बोलणे. चौथ्या रकान्यापाशी त्याची लेखणी जराशी थांबली. मी काही सुचविले नाही. त्याने आपल्याच मनाने लिहिले : आजोबा.