पावती नाही म्हणून माणूस परका होत नाही



गेल्या महिन्यात प्रांत ऑफिसात आपल्या दाव्यांची सुनावणी होती. आमच्या पाड्यातला एक वारली आजा माझ्यासोबत आला होता. वय सत्तरच्या पुढं. साहेबांनी फाईल उघडली, पानं उलटली आणि विचारलं, "दंडाची पावती कुठाय?" आजा म्हणाला, "सायब, गार्ड दर साली यायचा. पैसे न्यायचा, कोंबडी न्यायचा. कोंबडीची पावती कोण देतो?" सगळे हसले. साहेबही हसले. आणि फाईलवर शेरा पडला, पुरावा नाही.

परतीच्या एसटीत आजा काही बोलला नाही. मी मात्र तोच हिशोब मनात मांडत होतो. ज्याच्यावर फॉरेस्टनं केस केली, त्याच्याकडं कागद आहे, म्हणून तो जुना रहिवासी. ज्यानं कोंबडी देऊन सुटका करून घेतली, त्याच्याकडं कागद नाही, म्हणून तो परका. पावती द्यायचं काम कुणाचं होतं? त्यांचं. न दिल्याची शिक्षा कुणाला? आपल्याला. हा न्याय कुठला?

कायदा असं सांगत नाही. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. ती प्रत्येक वनहक्क समितीनं पाठ करावी. जनगणना, गॅझेटियर, फॉरेस्टचे नकाशे आणि आराखडे चालतात. रेशनकार्ड, मतदार कार्ड, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला चालतो. जुन्या संस्थानाचं दप्तर चालतं, म्हणजे जव्हार संस्थानातल्या गावांनी तेही शोधावं. ठाण्यात कुणाकडं एकसाली प्लॉटचा कागद असेल, रायगडात दळीचा असेल, तो पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढा.

त्याच यादीत पासपोर्टसुद्धा लिहिलाय. आपल्या पाड्यात पासपोर्ट कुणी बघितलाय? मुंबई बघितलेले पुष्कळ आहेत, तेही वीटभट्टीच्या ट्रकमधून. पण घाबरायचं कारण नाही. यादीतला प्रत्येक कागद प्रत्येकाकडं पाहिजे असं नियमात कुठंही नाही. एकापेक्षा जास्त पुरावे बघावेत एवढंच म्हटलंय.

आणि त्याच यादीत आपल्याकडचे पुरावेही आहेत. घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन. जुनी विहीर, मसणवटा, देवाची जागा. वंशावळ. आणि शेवटी, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब. हा जबाब दावेदाराचा स्वतःचा नको, दुसऱ्याचा पाहिजे.

६ सप्टेंबर २०१२ ला नियमात दुरुस्ती झाली. त्यात साफ लिहिलंय की समितीनं अमुकच कागद आणा असा हट्ट धरायचा नाही. दंडाची पावती, अतिक्रमणाची यादी, गुन्ह्याचा रिपोर्ट नाही, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळायचा नाही. उपग्रहाचा फोटो बाकी पुराव्यांना जोड म्हणून वापरायचा, त्यांच्या जागी नाही. नागली-वरईची उताराची शेतं, मध्ये मोहाची झाडं, दोन साल पड ठेवलेली जागा, हे वरून काढलेल्या फोटोत जंगलच दिसतं.

आणखी एक. काही ठिकाणी आदिवासींकडं ७५ वर्षांचा पुरावा मागतात. ती अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा दाखवायचा आहे.

आता आपली चूकही बोलू. आम्ही पोरांनीच घाईघाईत दावे भरले. जबाबाचा एक नमुना केला, झेरॉक्स काढल्या, नाव बदललं, अंगठा घेतला. "सदर इसम पूर्वापार जमीन कसत आहे." पन्नास दाव्यांत पन्नास वेळा तेच वाक्य. असा जबाब कोण खरा मानील? म्हाताऱ्यांकडं सांगायला खूप होतं, आम्हीच विचारलं नाही. अर्धा दोष आमच्या लेखणीचा आहे.

म्हणून जबाब नव्यानं लिहायचे. म्हातारी सन सांगत नाही. ती सांगते, सुकडी वाटत होते त्या साली हा बांध घातला. म्हणजे १९७२ चा दुष्काळ. ती सांगते, इंदिराबाईंना मारलं त्या साली थोरली पोरगी इथल्या खळ्यावर जन्मली. म्हणजे १९८४. कुणी सांगेल, लाल बावट्याच्या लढ्यात बाप होता, तेव्हा आमची झोपडी त्या ओहोळाच्या वर होती. म्हणजे १९४५ चा सुमार. तिच्या शब्दातच लिहा, पुढं साल जोडा. कुठला ओहोळ, कुठला आंबा, शेजारी कुणाचं शेत, राब कुठं भाजायचे, सगळं येऊ द्या. बायांचे जबाब जरूर घ्या. लग्न होऊन आलेली बाई नांदायला आली तेव्हा कुठल्या शेतात पहिली लावणी केली, हे विसरत नाही. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, मग साक्षीला एकटे पुरुषच का?

पण नुसता जबाब पुरणार नाही. त्याला जमिनीवरच्या खुणेची जोड द्या. जबाबात बांध आला, तर पंचनाम्यात तो बांध आला पाहिजे. पाहणीची सूचना वनहक्क समितीनं फॉरेस्ट आणि महसूलवाल्यांना लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्यांनी हजर राहून सही करायची आहे. काही म्हणायचं असेल तर तेही तिथंच लिहायचं आहे.

एक गोष्ट कडक शब्दात. २००५ नंतर तोडलेल्या जागेसाठी कुणी म्हाताऱ्याला खोटं बोलायला लावू नये. एक खोटा जबाब सापडला की पाड्यातले चाळीस खरे जबाब संशयात येतात.

ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी आधी विचारावं, कारण लेखी मिळालं का? निर्णय दावेदाराला स्वतःला कळवावा लागतो. कळवल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं, समिती आणखी ३० दिवस वाढवू शकते. तोंडी "तुझा गेला" म्हणणं हा निर्णय नाही. लेखी मागा. आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये आहे. गार्ड आला तर हेच सांगा.

वेळ मात्र थोडा आहे. भात कापून झालं, दिवाळी झाली की निम्मा पाडा भट्टीवर जाईल. मग ग्रामसभेला निम्मी माणसं कुठून आणणार, आणि त्यात एक तृतीयांश बाया? त्याआधी प्रत्येक पाड्यात बसा. शिकलेल्या पोरांनी वही घ्यावी आणि एकेका म्हाताऱ्याच्या दारात जावं. जबाब ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा, एक प्रत गावात ठेवा.

हा अंक लिहीत असताना आमच्या पाड्यातली एक आजी गेली. डोंगरावरचं कुठलं शेत कुणाच्या आजानं पहिलं फोडलं, ते तिला माहीत होतं. तिचा जबाब "पुढच्या आठवड्यात घेऊ" असं मीच म्हटलं होतं. आता तिच्या भरवशावर असलेल्या सात दाव्यांना दुसरा साक्षीदार शोधतोय.

तुम्ही पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

जिंदाबाद!