वयाच्या मानाने

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ च्या, साताऱ्याला घरी सगळे जमलो होतो. फराळ चालू असताना कुणीतरी बाबांच्या स्कूटरचा विषय काढला. बाबा ७४ वर्षांचे. अपघात झालेला नाही, कुणाला धक्का लागलेला नाही, साधा आरसासुद्धा फुटलेला नाही. तरी पाच मिनिटांत 'आता पुरे' यावर एकमत झालं. मग आत्या समजूत घातल्यासारखं म्हणाली, "वयाच्या मानाने खूप वर्षं चालवलीस हो, दादा." बाबा हसले. खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली आणि आत निघून गेले.

मी काय केलं? मी चकली खात होतो. एक शब्द बोललो नाही.

ते तेव्हा न बोललेलं आज इथे लिहितोय. आणि लिहिणार आहे गोल्फबद्दल. हसू नका. आत्या, काका, मावशी, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा. राग आला तर फोन करा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी स्कॉटलंडमध्ये डंडीला राहतो. तिथून आगगाडीने थोड्या वेळात कारनुस्टी येतं. गाव छोटं, पण गोल्फवेडं इतकं की एका स्टेशनचं नावच 'गोल्फ स्ट्रीट' आहे. २०२४ च्या जुलैमध्ये तिथे सीनियर ओपन झाली. पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिक खेळाडूंची ही स्पर्धा १९८७ साली टर्नबेरीला सुरू झाली आणि २००३ पासून ती सीनियर गटातली 'मेजर' मानली जाते. त्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले होते, म्हणून त्यांना घेऊन गेलो. ऑफिसातला एक जण म्हणाला, "म्हाताऱ्यांची सहल बघायला चाललास?" तेव्हाही मी हसून सोडून दिलं. (गप्प बसण्यात आपला हातखंडा आहे, बघा.)

सहल म्हणे! चार दिवस, रोज अठरा होल, सगळं पायी. दोन दिवसांनंतर ज्यांचे आकडे बरे नाहीत ते घरी. समोर कारनुस्टीचं मैदान, जिथे १९९९ च्या ओपनमध्ये जाँ व्हान द वेल्डे शेवटच्या होलवर तीन फटक्यांच्या आघाडीने आला, तिथेच सात फटके घालवून बसला आणि प्लेऑफमध्ये हरला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. ज्या ओढ्यात त्याचा चेंडू गेला तो बॅरी बर्न अजून तसाच शेवटच्या दोन होलांवर आडवातिडवा वाहतो. पन्नाशीच्या वरचे आले म्हणून कुणी त्याच्यावर फळ्या टाकत नाही.

बाबांना गोल्फ कळत नाही. पण त्यांची नोकरी गेली भूमी अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून. उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. अर्धा तास ते नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तू चेंडू बघतोयस. जमीन बघ. तो माणूस तिकडे मारतच नाहीये. तो उताराला देतोय."

इतक्या वर्षांत लिंक्स गोल्फ मला इतक्या थोडक्यात कुणी समजावलं नव्हतं. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा पट्टा म्हणजे लिंक्स. त्यावर बारीक, चिवट गवत. पाणी लगेच मुरतं, त्यामुळे जमीन टणक. चेंडू पडला की थांबत नाही, पळतो. झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे वारा थेट समुद्रावरून अंगावर. इथे उंच, देखणा फटका मारला की वारा तो कुठल्या कुठे नेऊन टाकतो. शहाणा खेळाडू चेंडू खाली ठेवतो, ग्रीनच्या बराच अलीकडे टाकतो आणि उरलेलं काम जमिनीवर सोपवतो. त्यासाठी दंडात ताकद लागतेच, पण ही जमीन पूर्वी कितीदा फसवून गेली आहे ते आठवावं लागतं. ते आठवायला आधी वर्षं जावी लागतात! (म्हणूनच ही स्पर्धा अधूनमधून सनिंगडेलसारख्या समुद्रापासून दूरच्या मैदानावर नेतात ते मला पटत नाही. असो, तो वेगळा विषय.)

टॉम वॉटसनचं उदाहरण घ्या. अमेरिकन माणूस. ही वेडीवाकडी उसळणारी जमीन सुरुवातीला त्याला आवडायची नाही, हे त्यानेच सांगितलंय. तरी १९७५ ते १९८३ या काळात त्याने पाच वेळा ओपन जिंकली, त्यातली पहिली याच कारनुस्टीला. मग पन्नाशीनंतर तीन वेळा सीनियर ओपन जिंकली, २००३ ला टर्नबेरी, २००५ ला रॉयल अॅबरडीन, २००७ ला म्यूरफिल्ड. आणि २००९ साली टर्नबेरीलाच, सीनियरांच्या नव्हे, खऱ्याखुऱ्या ओपनमध्ये, वय ५९, कंबरेचा सांधा बदलून वर्षही झालेलं नाही, असा तो शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. आठ नंबरच्या आयर्नचा फटका, चेंडू ग्रीनवर पडला आणि पळत पळत मागे उतरला. पुढचे दोन पुट चुकले. प्लेऑफ झाला, स्ट्यूअर्ट सिंक जिंकला.

त्यानंतर पत्रकारांचे चेहरे असे पडले होते की ही काही अंत्ययात्रा नाही, हे त्यालाच त्यांना सांगावं लागलं. जगाने हळहळून त्याचं कौतुक केलं, "या वयात!" मला विचाराल तर तो अपमान होता. तो ५९ वर्षांचा म्हणून हरला नाही. चेंडू हवेपेक्षा थोडा जास्त पळाला आणि एक पुट आत गेला नाही, म्हणून हरला. तिशीतल्या व्हान द वेल्डेच्या चुकीला आपण चूक म्हणतो. साठीतल्या माणसाला स्वतःची चूकसुद्धा करू देत नाही, तीही त्याच्या वयाच्या नावावर जमा!

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय. पन्नाशीची अट असलेली स्पर्धा म्हणजेच सवलत की नाही? बरोबर आहे. दारावर वय विचारतात. पण एकदा आत गेल्यावर कुणी विचारत नाही. पन्नाशीच्याला आणि साठीच्याला होल तेच, वारा तोच, कार्डावर लिहायचे आकडे तेच. बर्नहार्ड लँगर ५६ व्या वर्षी रॉयल पोर्थकॉलला १३ फटक्यांनी जिंकला. ५९ व्या वर्षी तिथेच पुन्हा जिंकला, ६१ व्या वर्षी रॉयल लिथमला. कारनुस्टीचं २०१० चं विजेतेपद धरून चार. यातल्या कुठल्या फटक्यासमोर 'वयाच्या मानाने' लिहायचं? २०२३ ला पोर्थकॉलला पावसापाण्यात आणि वाऱ्यात असे हाल झाले की अॅलेक्स चेका पारपेक्षा पाच फटके जास्त घेऊन प्लेऑफमध्ये आला आणि जिंकला. हवेने तरी कुठे वय बघितलं?

वयाने काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. होतं. चेंडू आखूड जातो, पाठ धरते, हात थरथरतो. पण ते कार्डावर दिसतं. म्हणून कार्ड बघा, जन्मतारीख नको. २०१९ ला लिथमला लँगर ६१ व्या वर्षी जिंकला. त्याच स्पर्धेत, सत्तरीला सव्वा महिना उरलेला असताना, वॉटसनने ही आपली शेवटची सीनियर ओपन म्हणून जाहीर केलं. आता पूर्वीइतकं लांब मारता येत नाही, हा त्याचा स्वतःचा हिशोब. एकाच मैदानावर एक जिंकला आणि एक थांबला, आणि दोघांचा निर्णय त्यांच्या खेळाने केला. वॉटसनच्या घरच्यांनी फराळाला बसून त्याच्या काठ्या काढून घेतल्या नाहीत.

आम्ही गेलो त्या वर्षी कोरियाचा के. जे. चोई जिंकला, वय ५४. सीनियर मेजर जिंकणारा पहिला कोरियन. परतीच्या गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "या लोकांना कुणी 'आता बस करा' म्हणत नाही का रे?" मी म्हटलं, "इथे नाही म्हणत." सव्वा वर्षाने आपण सगळ्यांनी मिळून त्यांना तेच म्हटलं.

तर मंडळी, कबुलीजबाब असा. भाऊबीज झाल्यावर मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. जे त्या टीपॉयभोवती बसण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी करायला हवं होतं. दिवसा नजर व्यवस्थित आहे. रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की दिपतं. डॉक्टरांनी विचारलं, "मग काय करणार, काका?" बाबा म्हणाले, "दिवेलागणीनंतर नाही चालवणार."

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यांचं कार्ड वाचलं.

किल्ली मी कपाटातून काढून दारामागच्या खिळ्याला परत लावली आहे. कुणाला आक्षेप असेल तर जरूर सांगा. फक्त 'वयाच्या मानाने' हे दोन शब्द वगळून वाक्य करून दाखवा.