मेलेल्यांना काय भ्यायचं?

गेल्या शनिवारी रात्री एक जुना इटालियन सिनेमा बघितला. नाव 'लेत्रुस्को उच्चीदे अंकोरा', म्हणजे साधारण 'एत्रुस्कन पुन्हा खून करतोय'. साल १९७२, दिग्दर्शक आर्मांदो क्रिस्पिनो. इंग्रजीत तो 'द डेड आर अलाइव्ह' म्हणून ओळखला जातो. बाहेर पनवेलचा पाऊस कोसळत होता, घरी मी एकटाच, आणि समोरच्या प्लॉटवर टॉवरच्या पायासाठी खणलेला भला मोठा खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला. वातावरणनिर्मिती फुकटात झाली म्हणा ना!

कथा थोडक्यात अशी. इटलीत एक पुरातत्त्वज्ञ एत्रुस्कन लोकांची थडगी शोधतोय. (एत्रुस्कन म्हणजे रोमचं साम्राज्य उभं राहण्याआधी मध्य इटलीत नांदलेले लोक.) थडगं उघडण्याआधीच वरून आत कॅमेरा सोडून तो फोटो काढतो. ही काही सिनेमावाल्यांची थाप नाही हं. कार्लो लेरिची नावाच्या इंजिनियरने १९५०च्या दशकात खरोखरच अशी पद्धत वापरात आणली होती. जमिनीला भोक पाडायचं, नळीतून कॅमेरा सोडायचा आणि खणण्यासारखं काही आहे का ते आधी बघायचं. इंजिनियर म्हणून मला तर ह्याच गोष्टीने जास्त गुदगुल्या झाल्या. असो. तर थडग्यात भिंतीवर तुखुल्का नावाचा राक्षस रंगवलेला सापडतो. (खरा तुखुल्का तार्क्विनियाच्या एका थडग्यात आहे. गिधाडाची चोच आणि अंगाखांद्यावर साप.) मग जोडप्यांचे खून पडायला लागतात. राक्षस उठला की काय? पुरातत्त्वज्ञसाहेब दारुडे, त्यामुळे संशय त्यांच्यावरही. शेवट सांगत नाही, नाहीतर शिव्या घालाल.

अशा सिनेमांना तिकडे 'जाल्लो' म्हणतात, म्हणजे पिवळा. १९२९पासून मोंदादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात यायच्या, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर जशी एक पिढी पोसली, तसंच.

सिनेमा आवडला. पण रात्री झोपताना एक गोष्ट खटकायला लागली. खोदकामावरच्या भयपटांचं गणित कायम एकच का असतं? खाली कोणीतरी परका, दुष्ट झोपलाय. तुम्ही त्याला उठवलंत, आता भोगा. तुतनखामेनचं थडगं १९२२ साली सापडलं आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड कार्नार्व्हन डास चावल्याचं निमित्त होऊन वारला, तेव्हापासून हा 'शाप' चालू आहे. ज्याने प्रत्यक्ष थडगं शोधलं तो हॉवर्ड कार्टर मात्र १९३९पर्यंत जगला, ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि गंमत बघा, खऱ्या एत्रुस्कन लोकांनी मेलेल्यांसाठी काय केलं होतं? घरं बांधली होती! चेर्वेतेरीला खडकात कोरलेली थडगी आहेत. त्यांत पलंग आहेत, दगडी उशा आहेत, एका थडग्यात तर भिंतीवर स्वयंपाकाची भांडीकुंडी कोरलेली आहेत. रोमच्या संग्रहालयात एक मातीची शवपेटी आहे. तिच्यावर नवराबायको जेवायला टेकल्यासारखे बसलेत, चेहऱ्यावर हसू. ह्या लोकांमध्ये राक्षस शोधायचा म्हणजे कमालच.

आता आपल्याकडे या. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० ह्या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनी उकरल्या तर खाली काय निघालं? माणसं. तान्ही मुलं दोन मडक्यांत ठेवलेली, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आडवी पुरलेली. मोठी माणसं सरळ झोपवलेली, आणि त्यांची पावलं घोट्याखाली कापलेली.

हो, कापलेली. वाचलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. भुताची पावलं उलटी असतात हे आपण लहानपणी ऐकलं, इथे तर पावलंच नाहीत! मेलेल्याने भूत होऊन चालू लागू नये म्हणून ही तजवीज, असा अर्थ अभ्यासकांनी लावलाय. इटालियन दिग्दर्शकाच्या हाती हे लागतं तर त्याने तीन सिनेमे काढले असते.

पण थोडा विचार करा. ज्याची भीती वाटते त्याला कोणी आपल्याच घराच्या जमिनीखाली पुरतं का? त्याला नदीपलीकडे नाही नेणार? इथे वर चूल पेटतेय, पोरं खेळतायत आणि खाली आजोबा. मला वाटतं पावलं कापली ती 'येऊ नकोस' म्हणून नाही, 'जाऊ नकोस' म्हणून. (हा आपला माझा अंदाज, पुराव्याने सिद्ध वगैरे काही नाही.)

असं वाटायला कारण आमची आजी. तिची पहिली मुलगी काही महिन्यांची होऊन गेली. तान्ह्या बाळाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. पनवेलजवळच्या आमच्या गावात, घरामागच्या आंब्याखाली त्या आत्याला ठेवलं होतं. मी लहान असताना संध्याकाळी तिकडे जायला टरकायचो. आजीला एकदा विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "अरे, पोटच्या पोरीची कसली भीती?" आणि दिवा ठेवायला निघून गेली.

ती जागा पुढे विकली गेली. कोणी फसवलं नाही, घरच्यांनीच सह्या केल्या, पैसे आले, माझं इंजिनियरिंग त्यातच झालं. आंबा पाडला, जेसीबी आला, दोन दिवसांत खड्डा. आजी ओट्यावर बसून बघत होती. ती काही बोलली नाही आणि तिला विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. आज तिथे पार्किंग आहे.

इनामगावला जे ब्रशने हळूहळू उकरलं, मोजलं, कागदावर उतरवलं, ते आपण पनवेलच्या पट्ट्यात जेसीबीने उपसतोय. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट झाली, गावं उठली, २०२५च्या डिसेंबरात विमानंही सुरू झाली. विमानतळ नको असं मी म्हणणार नाही, मलाही विमान पकडायचंय. पण खणण्याआधी एकदा आत बघावं, तिथे कोणाचं कोण आहे ते विचारावं, लिहून ठेवावं, एवढं तरी? लेरिचीची नळी त्यासाठीच तर होती!

म्हणून माझं मत असं, की आपल्याकडे खोदकामावर भयपट काढायचाच असेल तर त्यात खालून कोणी उठायला नको. 'तुंबाड'ने २०१८ साली दाखवलंच की, की खरी भीती खाली उतरणाऱ्या माणसाच्या हावेची असते. मी त्याच्या पुढचं म्हणतोय. खणलं, आणि खाली कोण होतं हे सांगणारंच कोणी उरलं नाही, ह्याचा सिनेमा काढा. मला त्याची जास्त भीती वाटेल.

सोमवारी पाऊस उघडला. समोरच्या खड्ड्यातलं पाणी पंप लावून उपसलं आणि काम परत सुरू झालं. ऑफिसला निघताना पाच मिनिटं काठावर उभा राहून बघत होतो. वॉचमनने विचारलं, "काय साहेब, फ्लॅट बुक केला काय इथे?"