साहेबाचा कागद, आपला कागद

वळसंगला गेलो की लोक कागद घेऊन येतात. मॅट्रिक म्हणजे त्यांच्या लेखी वकीलच. मागच्या खेपेला एक भाऊबंद आला. कामावर जातीवरून शिव्या, म्हणून यानं वरच्या साहेबाकडं अर्ज केलेला. चौकशी लागली. कोण शिव्या देतं ते लेखी दे, म्हणाले. यानं नाव लिहून दिलं. आता घरी वकिलाची नोटीस : बदनामी केलीस, माफी माग, नायतर कोर्टात ये. "भाऊ, त्यांनीच इचारलं म्हणून लिवलं की. अन् गुन्हेगार मीच व्हय?"

दोस्तहो, चौकशीत दिलेल्या पत्राला कायद्याचं अभय आहे. पण अर्धं. दंड संहितेचं 499 कलम, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 356. अधिकार असलेल्या माणसाकडं सद्भावनेनं केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. सगळी गोम त्या 'सद्भावने'त. ती सिद्ध करायची कुणी? ज्याच्यावर खटला, त्यानं. इंग्लंडात कोर्टातल्या शब्दाला संपूर्ण अभय. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं 1926 सालीच सांगून टाकलं, फौजदारीत इथं ते नाही, 499 चे अपवाद तेवढेच. मग खात्याच्या चौकशीतला आपला अर्ज किस झाड की पत्ती! तारखा करायच्या आपण, रोज बुडणार आपला.

आता साहेबाचा कागद बघा. कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजात एक दलित स्टोअरकीपर. गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी शेरा मारला : सचोटी आणि चारित्र्य चांगलं नाही. त्यानं 2006 साली अट्रॉसिटीची फिर्याद दिली. सरकारी माणसावर खटला म्हणून पोलिसांनी मंजुरी मागितली. 2011 साली संचालकांनी ती नाकारली. एक पत्र, बस्स. पोलिसांनी सी समरी टाकली. नाकारणाऱ्यावर 2016 साली फिर्याद झाली, ती सुप्रीम कोर्टानं 20 मार्च 2018 ला रद्द केली, आणि वर अख्ख्या कायद्यालाच कुलपं घातली : गुन्ह्याआधी चौकशी, अटकेआधी परवानगी. 2 एप्रिलला देश बंद झाला. माणसं मेली. मग त्याच वर्षी संसदेनं 18-अ कलम आणलं, 2019 साली कोर्टानं ते आदेश मागं घेतले. कुलपं निघाली. पण शेरा खरा होता की खोटा, हे त्या गदारोळात विचारलं किती जणांनी?

काही भले लोक म्हणतात, चौकशीतल्या सगळ्याच पत्रांना सरसकट अभय द्या. मला ते नको. साहेबाचा खोटा शेराही मग त्याच छत्रीखाली कोरडा उभा राहील. त्याच्याकडं मंजुरीची भिंत आधीच आहे. अभय पाहिजे ते तक्रार करणाऱ्याच्या पत्राला. चौकशी संपेपर्यंत त्याच्यावर बदनामीचा खटला नको, आणि नंतर लावायचाच तर याच्या मनात खोट होती हे साहेबानं सिद्ध करावं. अट्रॉसिटीच्या तिसऱ्या कलमात दलितावर खोटा, छळायला लावलेला खटला हाच गुन्हा धरलाय. हे किती पोरांना ठाऊक आहे?

गावात आपली विहीर आहे, बाबासाहेबांनी पाणी शेंदलं ती. तिच्या काठावर बसूनच नोटिशीचं उत्तर लिहिलं. पहिली ओळ त्यानंच सांगितली : माफी मागत नाही.