स्वकर्तृत्वाखालचा थर

मंडळाच्या गणेशोत्सवात कुणाचा सत्कार करताना आपण हमखास म्हणतो, "सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं!" या वाक्याला माझी हरकत आहे आणि ती मी तुमच्या घरातल्या नॉनस्टिक तव्यावरून सांगणार आहे.

तव्यावरचा लेप टेफ्लॉनचा. त्याला काही चिकटत नाही, ही त्याची ख्याती. पण १९९१ साली ऱ्हाइनपलीकडच्या स्ट्रासबुर्गचे झाँ-क्लोद विटमान आणि पॉल स्मिथ यांनी 'नेचर'मध्ये त्याचा वेगळाच गुण मांडला. टेफ्लॉनची कांडी तापलेल्या काचेवर दाबून एकाच दिशेने ओढली की मागे अतिशय पातळ थर उरतो. त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या ओढीच्या दिशेने समांतर पडलेल्या असतात. त्या थरावर दुसरा पदार्थ वाढवला की अनेकदा त्याचे स्फटिकही त्याच दिशेने रांगेत येतात. नुसत्या काचेवर तेच स्फटिक वाटेल तसे पसरतात.

एलसीडी पडद्यांतही हेच तत्त्व आहे. अनेक पडद्यांत काचेवर पॉलिइमाइडचा थर देऊन तो मखमली कापडाने एका दिशेने घासतात आणि द्रवस्फटिक त्या दिशेने ओळीत लागतात. हे 'वाहते स्फटिक' कार्ल्सरूहच्या ओटो लेहमान यांनी १८८९ मध्ये जगापुढे आणले. पडद्याला नाव मिळालं ते त्यांचंच. घासलेल्या थराचं नाव मात्र कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत.

आपलंही तसंच झालंय. जिल्हा परिषदेची शाळा, अनुदानित कॉलेज आणि मग शिक्षणशुल्क न घेणारं जर्मन सरकारी विद्यापीठ, या थरांवर आपण रांगेत लागलो. सत्कार मात्र फक्त स्फटिकाचा!

"गुणवत्ता नको का?" असं तुम्ही विचाराल. हवीच. टेफ्लॉनवरही प्रत्येक पदार्थ रांगेत येत नाही. पण थर नसेल तर चांगला पदार्थही विखुरतो, हे तुमच्या वर्गातल्या किती हुशार मुलांच्या बाबतीत घडलं ते आठवा.

हा नुसता कृतज्ञतेचा प्रश्न नाही. लेहमान यांचं कार्ल्सरूह ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर दर सत्राला १५०० युरो शुल्क लावलं. त्यावर आपल्यातलेच काही म्हणतात, "बरं झालं! आमच्या करातून परक्यांची पोरं का शिकवायची?"

अहो, काल ती परकी पोरं आपणच होतो! आपण वर चढलो आणि आता शिडी काढून घ्या म्हणतो, याला हिंमत म्हणत नाहीत.

पुढच्या वेळी शुल्काच्या बाजूने बोलण्याआधी आपली जुनी फाइल काढा. त्यात सेमेस्टरबाइट्रागच्या पावत्या सापडतील. शिक्षणशुल्काची पावती सापडते का बघा, आणि मग बोला.