पिशवी काढली, पण पोटदुखीचे काय?

संपादक महोदय,


ऊसतोड महिलांच्या तपासणी शिबिरांची बातमी या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. हिमोग्लोबिन, बीपी, शुगर आणि 'गर्भाशय काढले आहे का? होय / नाही' एवढेच तक्त्यात आहे. 'होय' म्हणणाऱ्या बाईला पुढे कोणी काही विचारणार नाही. त्याचा संताप आला म्हणून हे पत्र.

२०१९ साली या ऑपरेशनांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडचा आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. तिथे खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण गर्भाशय काढण्याला आळा घालण्याचे आदेश राज्यांना दिले. चांगलेच झाले. पण हा बंदोबस्त पुढच्या ऑपरेशनांचा. ज्यांचे पोट आधीच उघडून झाले त्यांचे काय? आणि ऊसतोडीच्या टोळ्या काही एकट्या बीडमधून जात नाहीत; आमच्या जळकोट-अहमदपुरातून आणि तिकडे नांदेडच्या कंधार-मुखेडातूनही जातात.

माझी सगळी नोकरी स्त्रीरोग वॉर्डात सिस्टर म्हणून झाली. तिशी-पस्तिशीतली बाई कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन यायची. पिशवी काढून दोन-तीन वर्षे झालेली, मोळी उचलली की ओटीपोटात ओढ बसते, पोट फुगते, शौचाला साफ होत नाही. सोनोग्राफी नॉर्मल. मग 'गॅस आहे', 'मनाचे आहे' म्हणून गोळ्या देऊन तिला परत पाठवायचे. आतली चिकटण, म्हणजे अवयव एकमेकांना चिकटणे, साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, हे तिला कोणी सांगत नसे. खासगी दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर 'टीएएच डन', म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढले, एवढेच. पोटात काय सापडले, रक्तस्राव किती झाला, आतडे चिकटलेले होते का, एक अक्षर नाही. तिच्यावर दुसऱ्यांदा चाकू चालवणाऱ्या डॉक्टरने अंदाजाने पोट उघडायचे का?

ही चिकटण होते कशी? पोटातल्या अवयवांवर एक नाजूक पातळ पडदा असतो. ऑपरेशनमध्ये तो खरवडला, कोरडा पडला किंवा रक्त साचून राहिले की तिथे सूज येते आणि फायब्रिनचा चिकट थर बसतो. जखम भरण्याची शरीराची ती रीतच आहे. हा थर तीन-चार दिवसांत विरघळला तर निभावते. नाही विरघळला तर त्यात नव्या पेशी शिरतात आणि आठवडाभरात आतडे, मूत्राशय, बीजकोश एकमेकांना बांधणारे पट्टे तयार होऊ लागतात. पुढे त्यातूनच दुखणे येते, कधी आतड्याला पीळ पडून ते बंद होते.

स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या २९,७९० रुग्णांचा दहा वर्षे माग ठेवला गेला. त्यातले ३४.६ टक्के पुन्हा दाखल झाले, तेही सरासरी दोनदा: चिकटणीशी थेट किंवा संभाव्य संबंध असलेल्या दुखण्यासाठी, नाहीतर चिकटणीमुळे अवघड होऊ शकेल अशा ऑपरेशनसाठी. म्हणजे तिघांत एक. तिथे तिघांत एक, तर दहाव्या दिवशी घरकामाला आणि महिन्याभरात फडात जाणाऱ्या आमच्या बाईचे काय होत असेल? खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून ती दुखणे अंगावर काढते. आमच्याकडे कोणी माग ठेवलाय?

चिकटण शंभर टक्के टाळता येत नाही, हे मलाही कळते. ती रोखण्यासाठी पोटात ठेवायचे पापुद्रे महाग आहेत, तेही मान्य. पण आतडी हलक्या हाताने हाताळणे, ओल्या मॉपने झाकून ठेवणे, रक्तस्राव पूर्ण थांबवूनच पोट बंद करणे याला कुठला निधी लागतो? पावडरचे ग्लोव्हजही टाळता येतात. ती पावडर पोटात सूज आणते, चिकटण वाढवते. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून त्या ग्लोव्हजवर बंदी घातली. आपल्या बाजारात ते आजही सर्रास मिळतात, आणि स्वस्त मिळतात म्हणून खपतात. बिनपावडरच्या जोडीला पडणारे जादा पैसे गरीब बाईच्या पोटापेक्षा मोठे आहेत, हे मला कोणीही पटवू शकणार नाही.

नांदेड आणि लातूर, दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून पिशवी काढलेल्या बायकांसाठी आठवड्यातून एक ओपीडी ठेवावी. प्रत्येक दवाखान्याने ऑपरेशनची पूर्ण नोंद मराठीत लिहून बाईच्या हातात द्यावी, आणि सही घेण्याआधी चिकटणीचा धोका तिला तोंडाने सांगावा. ते होईल तेव्हा होईल. या हंगामाच्या शिबिरांत 'होय'च्या पुढे निदान तीन प्रश्न छापा: ऑपरेशननंतर पोट दुखते का, कधीपासून, आणि त्यासाठी किती वेळा दाखल झालात.

– एक निवृत्त परिचारिका, अहमदपूर, जि. लातूर